दुग्धज्वर: व्यायलेली गाय-म्हैस अचानक का बसते आणि शेवटच्या तीन आठवड्यांत चारा कसा सांभाळावा

गाय सुखरूप व्याली, चीक भरपूर दिला, वासरूही उभे राहिले. दुसऱ्या दिवशी मात्र ती लटपटत चालते, खाली बसते आणि उठत नाही. कान थंड, नाक कोरडे, मान कुशीकडे वळलेली. या आजाराला दुग्धज्वर किंवा मिल्क फिव्हर म्हणतात. नावात ज्वर असला तरी ताप नसतो, उलट अंग थंड पडते. रक्तातील कॅल्शियम एकाएकी घटल्याने स्नायू आणि नसा काम करेनाशा होतात.

वेळेवर उपचार मिळाला तर यातील बहुतेक जनावरे दोन-तीन तासांत उठून उभी राहतात. उपचार मिळाला नाही तर बहुतेक दगावतात, तीही बऱ्याचदा १२ ते २४ तासांत. म्हणजे चांगल्या दुधाची गाय वाचणार की जाणार, हे एका रात्रीत ठरते.

उपचार हे पशुवैद्यकाचे काम आहे. पण आजार टाळायचे काम गव्हाणीत होते, आणि ते तुमच्या हातात आहे. सोलापूर परिसरात जो चारा मिळतो, तो डोळ्यांसमोर ठेवून ही माहिती दिली आहे. एक गोष्ट आधीच लक्षात घ्या: हा आजार बहुधा शरीरात कॅल्शियम नसल्यामुळे होत नाही, तर असलेले कॅल्शियम वेळेवर रक्तात न पोचल्यामुळे होतो. म्हणून विण्याआधी कॅल्शियम वाढवत नेणे हा त्यावरचा उपाय नाही.

रक्तात कॅल्शियम किती असते आणि चिकात किती जाते?

निरोगी गाईच्या १०० मिलिलिटर रक्तद्रवात साधारण ८.५ ते १० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. मोठ्या गाईच्या सगळ्या रक्तातले कॅल्शियम एकत्र केले तरी ते जेमतेम ३ ग्रॅमच्या आसपास भरते.

आता दुसरी बाजू पाहा. एक लिटर चिकात सुमारे २ ग्रॅम कॅल्शियम असते. गाईने दिवसाला १० लिटर चीक दिला तर २० ग्रॅम कॅल्शियम कासेतून बाहेर पडते. रक्तात एका वेळी जेवढे कॅल्शियम असते, त्याच्या सहा-सात पट एका दिवसात जाते. गाभणपणी ही मागणी नव्हती. ती एका रात्रीत सुरू होते.

ही तूट दोन ठिकाणांहून भरून निघते. एक आतड्यातून, म्हणजे खाल्लेल्या चाऱ्यातून. आणि दुसरी हाडांतून. ४५० किलोच्या गाईच्या हाडांत पाच-सहा किलो कॅल्शियम साठलेले असते. साठा प्रचंड आहे, अडचण तो बाहेर काढण्याची आहे.

उजनीचे उदाहरण घ्या. धरणात पाणी असले तरी कालव्याचे दार उघडून आवर्तन टेलच्या रानापर्यंत पोचायला वेळ लागतो. हाडे म्हणजे धरण आणि रक्त म्हणजे तुमच्या रानाजवळची चारी. दार उघडण्याचा हुकूम मानेतील पॅराथायरॉइड ग्रंथी देतात. रक्तातील कॅल्शियम कमी झाले की त्या एक संप्रेरक सोडतात. त्यामुळे मूत्रपिंडात ड जीवनसत्त्वाचे कार्यक्षम रूप तयार होते, आतडे चाऱ्यातील कॅल्शियम जास्त शोषू लागते आणि हाडांतून कॅल्शियम सुटू लागते. आतड्याचा वेग वाढायला साधारण एक दिवस लागतो, हाडांतून पुरेसे कॅल्शियम सुटायला साधारण दोन दिवस लागतात.

हेच दोन दिवस धोक्याचे असतात. व्यायल्यानंतर पहिल्या दिवशी जवळपास सगळ्याच गाईंचे कॅल्शियम थोडे घसरते. ज्यांची यंत्रणा आधीपासून जागी असते, त्या सावरतात. ज्यांची झोपलेली असते, त्या बसतात.

विण्याआधी कॅल्शियम वाढवले तर काय होते?

गाभण गाईला शेवटच्या महिन्यात लसूणघास, डीसीपी, चुनखडीची पावडर आणि कॅल्शियमचे औषध असे सगळे एकदम दिले, तर तिला रोज गरजेपेक्षा जास्त कॅल्शियम आयते मिळते. रक्तातील पातळी भरलेली राहते आणि पॅराथायरॉइड ग्रंथींना काम उरत नाही. दार बंदच राहते. मग विण्याच्या दिवशी मागणी अचानक वाढते, तेव्हा ते उघडायला दोन दिवस लागतात.

चाऱ्यातील पोटॅश हे दुसरे कारण आहे, आणि त्याकडे फार कमी लक्ष जाते. पोटॅश व सोडियम जास्त असलेला आहार खाल्ला की गाईचे रक्त किंचित अल्कधर्मी होते. अशा स्थितीत ग्रंथींनी संप्रेरक सोडले, तरी हाडे आणि मूत्रपिंड त्याला नीट दाद देत नाहीत. शिवाय जास्त पोटॅशमुळे कोठीपोटातून मॅग्नेशियम कमी शोषले जाते. मॅग्नेशियम कमी पडले की हीच यंत्रणा आणखी ढिली होते.

कोणत्या जनावरांना धोका जास्त?

- तिसऱ्या वेतापासून पुढच्या गाई. वय वाढते तसे हाडांतून कॅल्शियम सुटण्याचा वेग कमी होतो. पहिलारू कालवडीत हा आजार क्वचितच दिसतो.
- जास्त दुधाच्या संकरित गाई. त्यातही जर्सी रक्ताच्या गाईंना धोका अधिक असतो.
- भरपूर दूध देणाऱ्या म्हशी. म्हशीच्या दुधात कॅल्शियमचे प्रमाण गाईच्या दुधापेक्षा जास्त असते. आपल्या भागातील पंढरपुरी म्हशीही यातून सुटत नाहीत, पण जास्त दुधाच्या मुऱ्हा म्हशींवर अधिक लक्ष ठेवा.
- मागील वेतात दुग्धज्वर झालेली जनावरे. त्यांना पुन्हा होण्याची शक्यता मोठी असते.
- भाकड काळात फार माजलेल्या, चरबी चढलेल्या गाई.

खिलार गाईचे दूध मर्यादित असल्याने तिच्यात हा आजार सहसा दिसत नाही.

लक्षणे तीन टप्प्यांत ओळखा

पहिला टप्पा: गाय उभी असते, पण बेचैन असते. मागचे पाय आलटून पालटून टेकवते, अंगावर थरथर दिसते, कान फडफडवते, दात खाते, चारा सोडते, चाल अडखळते. हा टप्पा थोडाच वेळ टिकतो आणि बऱ्याचदा रात्रीच निघून जातो.

दुसरा टप्पा: गाय छातीवर बसते, उठवले तरी उठत नाही. मान एका कुशीकडे वळवून ठेवते किंवा मानेला इंग्रजी ‘एस’सारखा बाक येतो. नाकपुडी कोरडी, कानपाळ्या आणि पाय थंड, शेण-लघवी बंद, रवंथ बंद. हृदयाचे ठोके जलद पण मंद आवाजाचे. गाईचे तापमान एरवी साधारण १०१ ते १०२ अंश फॅरनहाइट असते. या टप्प्यात ते १०० च्या खाली जाते.

तिसरा टप्पा: गाय आडवी पडते, पाय ताणते, पोट फुगते, शुद्ध हरपते. या अवस्थेत काही तासच हाताशी असतात.

काही गाई विण्याआधी किंवा विताना बसतात. कळा येऊन थांबल्या आणि गाय सुस्त झाली, तर कॅल्शियम कमी झाल्याची शंका घ्या. गर्भाशयाच्या स्नायूंनाही आकुंचनासाठी कॅल्शियमच लागते.

बसलेली प्रत्येक गाय दुग्धज्वराची नसते

थर्मामीटर स्वस्त आहे, गोठ्यात एक ठेवा. व्यायलेली गाय बसली की आधी तापमान घ्या आणि कास पाहा.

- तापमान जास्त, कास सुजलेली, दुधात गाठी किंवा पाण्यासारखे दूध: कासदाह असू शकतो.
- तापमान जास्त, मायांगातून घाण वास येणारा स्राव: गर्भाशयाचा दाह असू शकतो.
- गाय हुशार आहे, चारा खाते, शेण टाकते, पण मागचा भाग उचलत नाही: अवघड प्रसूतीत नसेला मार, मोडलेले हाड किंवा स्फुरदाची कमतरता.
- व्यायल्यानंतर काही आठवड्यांत म्हशीची लघवी कॉफीसारखी लाल-तपकिरी: हा स्फुरदाच्या कमतरतेशी जोडलेला वेगळा आजार आहे.

फार तीव्र कासदाहातही शेवटी अंग थंड पडू शकते. त्यामुळे तापमान कमी आले तरी कास तपासणे चुकवू नका.

डॉक्टर येईपर्यंत काय करावे?

१. जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात किंवा फिरत्या पशुचिकित्सा पथकासाठी १९६२ या टोल-फ्री क्रमांकावर लगेच फोन करा. ‘सकाळपर्यंत वाट पाहू’ हा विचार या आजारात महागात पडतो.

२. गाईला छातीवर बसते ठेवा. आडवी पडली असेल तर दोन-तीन जणांनी सरळ करून दोन्ही बाजूंना भुसा भरलेली पोती किंवा कडब्याच्या पेंढ्या लावा. आडव्या जनावराचे पोट फुगते आणि घशात आलेले पाणी फुप्फुसात जाण्याचा धोका असतो.

३. खाली सिमेंटचा कोबा किंवा फरशी असेल तर माती, वाळू किंवा पाचटाचा जाड थर द्या. कडक जमिनीवर काही तास एकाच कुशीवर बसल्याने मांडीचे स्नायू दबून मरतात. मग कॅल्शियम भरून निघाले तरी गाय उठू शकत नाही. दर दोन-तीन तासांनी कूस बदला.

४. थंडीत अंगावर गोणपाट टाका, उन्हात सावली करा.

५. डॉक्टरांना सांगायची माहिती तयार ठेवा: कधी व्याली, कितवे वेत, मागे असे झाले होते का, तापमान किती, किती वेळापासून बसली आहे. कॅल्शियमचे काही आधीच टोचले किंवा पाजले असेल तर ते न लपवता सांगा. त्यावर पुढच्या औषधाची मात्रा ठरते.

काय करू नये?

बसलेल्या, गुंगीतील गाईला नळीने किंवा बाटलीने काहीही पाजू नका. गिळण्याचे स्नायूही ढिले पडलेले असतात. गूळपाणी असो, तेल असो की कॅल्शियमचे औषध, ते फुप्फुसात गेले तर न्यूमोनिया होतो आणि दुग्धज्वरातून वाचलेली गाय त्याने जाते.

कॅल्शियमची सलाईन स्वतः किंवा गावातल्या अप्रशिक्षित माणसाकडून शिरेतून देऊ नका. कॅल्शियम बोरोग्लुकोनेट शिरेतून अंगाच्या तापमानाइतके कोमट करून, सावकाश, हृदयाचे ठोके ऐकत द्यावे लागते. ते वेगाने गेले तर हृदय तिथेच थांबू शकते. उपचार चालू असताना गाय गेली अशा ज्या हकिगती ऐकू येतात, त्यामागे बऱ्याचदा ही घाई असते.

सडातून हवा भरू नका. हा उपाय जुना आहे. १८९७ मध्ये डेन्मार्कमधील कोल्डिंग येथील पशुवैद्यक श्मिट यांनी या आजारात कासेत औषध भरण्याची पद्धत सांगितली. पुढे नुसती हवा भरूनही गुण येतो असे दिसले. कास फुगल्याने दूध उतरणे थांबते आणि रक्तातील कॅल्शियम बाहेर जायचे राहते. १९२५ मध्ये ड्रायर आणि ग्रेग यांनी या आजाराचा संबंध रक्तातील घटलेल्या कॅल्शियमशी आणि पॅराथायरॉइड ग्रंथींशी जोडला. त्यानंतर कॅल्शियमची सलाईन आली आणि हवेचा उपाय मागे पडला. आज हवा भरणे म्हणजे कासदाहाला आमंत्रण आहे.

उपचारानंतरचे दोन दिवस

सलाईन चालू असतानाच सुधारणा दिसू लागते. अंगावर थरथर येते, गाय ढेकर देते, शेण टाकते, नाकपुडीवर घामाचे थेंब येतात, कान गरम होतात. ती उठायला धडपडू लागली की पाय घसरणार नाहीत अशी जमीन द्या.

गाय उठली म्हणजे सगळे संपले असे नाही. सलाईनचा असर काही तासांचा असतो आणि तोवर शरीराची स्वतःची यंत्रणा चालू झाली नसेल, तर १२ ते ४८ तासांत काही गाई पुन्हा बसतात. म्हणून:

- पहिला दिवसभर कास पूर्ण रिकामी करू नका. वासराला पुरेल इतकाच चीक काढा. कासदाह असेल तर मात्र डॉक्टर सांगतील तसे करा.
- गाय उभी राहून नीट गिळू लागली की डॉक्टरांच्या सल्ल्याने तोंडावाटे कॅल्शियम जेल द्या.
- रात्रीतून दोनदा गोठ्यात फेरी मारून कान आणि नाकपुडी तपासा.

न दिसणारी कमतरता

बसलेली गाय सर्वांना दिसते. पण कॅल्शियम ८ ते ८.५ मिलिग्रॅमच्या खाली घसरलेल्या अनेक गाई उभ्याच असतात. अमेरिकेतील गोठ्यांच्या एका मोठ्या पाहणीत दुसऱ्या वेतापासून पुढच्या जवळजवळ निम्म्या गाईंमध्ये अशी छुपी कमतरता आढळली होती.

तिची किंमत वेगळ्या रूपाने मोजावी लागते. जार वेळेवर पडत नाही, कारण गर्भाशय आकुंचन पावत नाही. मायांग बाहेर येते. सडाचे तोंड धारेनंतर नीट मिटत नाही, त्यामुळे कासदाह होतो. गाय चारा कमी खाते आणि पुढे किटोसिस होतो. तुमच्या गोठ्यात एका हंगामात दोन-तीन जनावरांचा जार अडकला असेल, तर प्रत्येक वेळी नुसता जार काढून घेऊन थांबू नका. शेवटच्या तीन आठवड्यांचा चारा तपासा.

सोलापूरचा चारा: कोणता केव्हा?

कडबा: रब्बी ज्वारीचा कडबा ही आपल्या जिल्ह्याची ताकद आहे. मंगळवेढ्याच्या ज्वारीचे नाव सगळीकडे आहेच, पण शेवटच्या तीन आठवड्यांत गाभण जनावरासाठी तिचा कडबाही तितकाच मोलाचा आहे. लसूणघासाच्या तुलनेत त्यात कॅल्शियम आणि पोटॅश दोन्ही कमी असतात. चांगला कडबा या काळासाठी राखून ठेवा आणि कुट्टी करूनच द्या.

लसूणघास: दुभत्या जनावरासाठी उत्तम, पण विण्याआधीच्या तीन आठवड्यांत नको. कॅल्शियम आणि पोटॅश दोन्ही जास्त. व्यायल्यावर तोच पुन्हा सुरू करा.

संकरित नेपियर: यात पोटॅश जास्त असते आणि ऑक्झॅलेटही असते. त्यातही गोठ्यालगतचे नेपियर जपून वापरा. गोठा धुतलेले पाणी आणि गोमूत्र त्याच वाफ्यात सोडले जाते. गोमूत्रात पोटॅश भरपूर असते आणि नेपियर ते गरजेपेक्षा जास्त उचलते. गाईच्या अंगातून गेलेले पोटॅश वाफ्यातून पुन्हा गव्हाणीत येते. हा वाफा दुभत्या जनावरांसाठी ठेवा. शेवटच्या तीन आठवड्यांतील गाईला त्यातला चारा देऊ नका.

हिरवा मका आणि मक्याचा मुरघास: या काळासाठी चालतो. नेपियर आणि लसूणघासापेक्षा पोटॅश कमी असते.

उसाचे वाढे: गाळप हंगामात जिल्ह्यात वाढ्यांचा सुकाळ असतो. जुळे सोलापूरसारख्या शहरी वस्तीच्या कडेला गोठा असेल आणि स्वतःचे रान नसेल, तर विकतच्या चाऱ्यात सर्वांत स्वस्त वाढेच पडतात. म्हशी विण्याचा मुख्य हंगामही पावसाळ्यापासून हिवाळ्यापर्यंतचा, म्हणजे त्याच महिन्यांच्या आसपास येतो.

वाढ्यात ऑक्झॅलेट असते. ते पोटात कॅल्शियमला धरून ठेवते आणि असे बांधलेले कॅल्शियम आतड्याला शोषता येत नाही. ‘मग विण्याआधी वाढे घातले तर कॅल्शियम आपोआप कमी मिळेल, बरेच की’ असा प्रश्न तुमच्या मनात येईल. पण तीन-चार महिने फक्त वाढ्यांवर राहिलेल्या जनावराचा हाडांतला साठाच कमी होत जातो. दार उघडले तरी धरणात पाणी नसेल तर उपयोग काय? शिवाय वाढ्यात प्रथिने आणि स्फुरद कमी असतात. आणि व्यायल्यावर, कॅल्शियमची खरी गरज असते तेव्हाच, तेच वाढे कॅल्शियम अडवतात. म्हणून वाढे एकूण चाऱ्याच्या एक-तृतीयांशाच्या आत ठेवा, हळूहळू सुरू करा, कडबा व मक्याबरोबर कुट्टी करून द्या आणि सोबत खनिज मिश्रण चुकवू नका.

मळी आणि खाण्याचा सोडा: मळीत पोटॅश खूप असते आणि सोड्यात सोडियम. दुभत्या गाईच्या आंबोणात दोन्ही चालतात. विण्याआधीच्या तीन आठवड्यांत दोन्ही बंद ठेवा. सगळ्या जनावरांचे आंबोण एकाच टोपल्यात कालवण्याची पद्धत असेल, तर नकळत गाभण गाईलाही सोडा जातो.

चुन्याची निवळी आणि टॉनिक: थोडा हिशोब

चुन्याची निवळी अनेक जण वर्षानुवर्षे देतात. ती अपायकारक नाही, पण तिच्यात किती कॅल्शियम असते ते पाहा. चुना पाण्यात फारच थोडा विरघळतो. एक लिटर स्वच्छ निवळीत एक ग्रॅमपेक्षा थोडे कमीच कॅल्शियम असते. रोज १०० मिलिलिटर निवळी दिली तर मिळते फक्त ०.१ ग्रॅम. १० लिटर चिकातून २० ग्रॅम जाते. निवळी हा दुग्धज्वरावरचा उपाय होऊ शकत नाही, आणि वाढ्यांवर शिंपडली तरी ती खनिज मिश्रणाची जागा घेऊ शकत नाही. निवळीऐवजी खालचा गढूळ चुना देऊ नका, त्याने तोंड आणि अन्ननलिका भाजते.

टॉनिकच्या बाटलीचाही असाच हिशोब करा. लेबलवर १०० मिलिलिटरमध्ये दीड-दोन ग्रॅम कॅल्शियम लिहिले असेल, तर रोजच्या १०० मिलिलिटर मात्रेतून तेवढेच मिळते. खनिज मिश्रणात २० टक्के कॅल्शियम असेल तर ५० ग्रॅममधून १० ग्रॅम मिळते. दोन्हींची किंमत प्रति ग्रॅम कॅल्शियम काढून पाहा, म्हणजे पैसे कुठे घालायचे ते कळेल.

शेवटच्या तीन आठवड्यांचे नियोजन

तारीख माहीत नसेल तर नियोजन होत नाही. रेतनाची तारीख गोठ्याच्या भिंतीवर लिहा. गाईसाठी साधारण २६० व्या दिवसापासून आणि म्हशीसाठी साधारण २८५ व्या दिवसापासून आहार बदलायचा असतो.

सुमारे ४०० ते ४५० किलोच्या गाईसाठी, उदाहरणादाखल:

- ज्वारीच्या कडब्याची कुट्टी: ४ ते ५ किलो
- हिरवा मका किंवा मक्याचा मुरघास: १० ते १२ किलो
- पशुखाद्य किंवा घरचे आंबोण: २ ते २.५ किलो, हळूहळू वाढवत
- स्वच्छ पाणी सतत

लसूणघास, गोठ्यालगतचे नेपियर, मळी, सोडा, चुनखडी पावडर, डीसीपी आणि कॅल्शियमचे टॉनिक या काळात बंद. खनिज मिश्रणाचे कॅल्शियम आणि मॅग्नेशियम लेबलवर पाहून, या काळात कोणते आणि किती द्यायचे ते पशुवैद्यकाला विचारा. मॅग्नेशियम कमी पडू देऊ नका.

गाय भाकड काळात फार लठ्ठ होऊ देऊ नका, आणि या काळात उपाशीही ठेवू नका. कॅल्शियम कमी करणे म्हणजे चारा कमी करणे नव्हे.

व्यायल्याबरोबर हा नियम उलटा होतो. आता कॅल्शियम भरपूर हवे. खनिज मिश्रण पूर्ण मात्रेत द्या आणि लसूणघास सुरू करा. तिसऱ्या वेताच्या पुढच्या किंवा आधी दुग्धज्वर झालेल्या गाईला व्यायल्यावर लगेच आणि पुन्हा साधारण १२ तासांनी तोंडावाटे कॅल्शियम जेल देण्याबाबत डॉक्टरांशी आधीच बोलून ठेवा. जेल आधीच आणून ठेवा, आणि ते फक्त उभ्या व गिळणाऱ्या गाईलाच द्या.

मोठ्या गोठ्यांत विण्याआधी ॲनायनिक क्षार देण्याची पद्धत आहे. त्यांनी रक्त किंचित आम्लधर्मी होते आणि कॅल्शियमची यंत्रणा जागी होते. परिणाम लघवीचा सामू तपासून कळतो. एरवी तो ८ च्या आसपास असतो, क्षार लागू पडले की ६ ते ७ च्या दरम्यान येतो. त्याहून खाली गेला तर मात्रा जास्त झाली असे समजा. हे क्षार चवीला कडू असल्याने गाय खाणे कमी करू शकते, आणि ते देताना कॅल्शियम कमी ठेवण्याचा नियमही बदलतो. त्यामुळे दोन्ही पद्धती आपल्या मनाने एकत्र करू नका. ड जीवनसत्त्वाच्या मोठ्या मात्रेचे इंजेक्शनही तारीख नेमकी माहीत असेल तरच आणि डॉक्टरांच्या हातूनच घ्यावे. जास्त झाल्यास ते विषारी ठरते.

विस्तार कार्यकर्त्यांसाठी

गोठ्याला भेट देताना तीन प्रश्न विचारा. पुढच्या महिन्यात कोणती जनावरे विणार आहेत? त्यांची गव्हाण दुभत्यांपेक्षा वेगळी आहे का? गेल्या वर्षी किती जनावरे बसली आणि किती जणींचा जार अडकला? पहिल्या दोन प्रश्नांना उत्तर नसेल, तर तिसऱ्याचे उत्तर बहुधा मोठे असते.

गाभण जनावरांसाठी वेगळी दावण करायला नवा गोठा लागत नाही. गोठ्याच्या एका टोकाला दोन खुंट्या आणि वेगळे टोपले पुरते. गावातल्या बैठकीत गाळप हंगाम सुरू होण्याआधीच वाढ्यांचा विषय घ्या, कारण एकदा वाढे गोठ्यात आले की ते संपेपर्यंत दुसरा चारा कोणी आणत नाही. आपल्या भागातील चाऱ्याबाबत खेड आणि मोहोळ येथील कृषी विज्ञान केंद्रांशी, तर आजाराबाबत जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्याशी संपर्क ठेवा.

थोडक्यात

- अंग थंड आणि व्यायल्यापासून पहिले तीन दिवस: दुग्धज्वर धरून लगेच डॉक्टर बोलवा.
- बसलेल्या गाईला काही पाजू नका, छातीवर बसते ठेवा, कूस बदला.
- विण्याआधी तीन आठवडे कडबा आणि मका. लसूणघास, मळी, सोडा, टॉनिक बंद.
- व्यायल्यावर कॅल्शियम पूर्ण मात्रेत.
- वाढे एक-तृतीयांशाच्या आत, खनिज मिश्रणासह.
- रेतनाची तारीख भिंतीवर.